व्हॉल्व्ह गिटार ॲम्प्लिफायरचा आवाज

व्हॉल्व्ह गिटार ॲम्प्लिफायर हे विद्युत गिटारच्या तारांच्या कंपनांतून निर्माण होणारा क्षीण विद्युतसंदेश निर्वात नलिकांच्या साहाय्याने प्रबळ करून स्पीकरद्वारे ऐकविणारे उपकरण आहे. निर्वात नलिकेला व्यवहारात 'व्हॉल्व्ह' म्हटले जाते. 'व्हॉल्व्हचा रेडिओ' हा शब्दप्रयोग जुन्या पिढीच्या बोलण्यात अजूनही आढळतो. ट्रान्झिस्टर आल्यानंतर रेडिओ, दूरचित्रवाणी संच आणि संगणक यांतून व्हॉल्व्ह हद्दपार झाले, पण गिटारच्या ॲम्प्लिफायरमध्ये ते टिकून राहिले. त्यामुळे या उपकरणाच्या आवाजाचे सारे श्रेय व्हॉल्व्हलाच देण्याची प्रथा पडली. प्रत्यक्षात आवाजाचा मोठा भाग स्पीकर व त्याची पेटी, मंडलातील घटकांची मूल्ये आणि ॲम्प्लिफायर किती ताणून वाजवला जातो, यांवर ठरतो. व्हॉल्व्हचे मेक, कपॅसिटरचा पदार्थ, तारेचा प्रकार यांचा वाटा त्यामानाने अल्प असतो. चर्चा मात्र सर्वाधिक त्यांचीच होते.

रचना

गिटारच्या पिकअपमधून येणारा संदेश साधारणतः व्होल्टच्या दहाव्या हिश्शापासून एक व्होल्टपर्यंत असतो. तो प्रथम 12एएक्स7 यांसारख्या लहान व्हॉल्व्हकडे जातो. युरोपीय पद्धतीत याच व्हॉल्व्हला ईसीसी83 म्हणतात. तापलेल्या ऋणाग्रातून निघालेले इलेक्ट्रॉन धनाग्राकडे जात असतात आणि त्यांच्या वाटेत एक बारीक जाळी असते. जाळीवरील दाबात किंचित बदल झाला तरी इलेक्ट्रॉनांच्या प्रवाहात मोठा बदल होतो. प्रवर्धन होते ते यामुळेच. अमेरिकी संशोधक ली डी फॉरेस्ट यांनी 1906 मध्ये अशी जाळी असलेली नलिका तयार केली.

पहिल्या टप्प्यानंतर संदेश स्वरनियंत्रण मंडलातून, म्हणजे बास, मिडल व ट्रेबल या बटणांमागील रोधक-कपॅसिटरांच्या जाळ्यातून जातो. पुढे 6एल6, ईएल34 किंवा ईएल84 असे शक्तिशाली व्हॉल्व्ह त्याला बळ देतात. हे व्हॉल्व्ह उच्च दाब आणि अल्प विद्युतधारा यांवर काम करतात, तर स्पीकरला कमी दाब आणि अधिक धारा लागते. दोहोंमधला मेळ आउटपुट ट्रान्सफॉर्मर घालतो. उदाहरणार्थ, व्हॉल्व्हना 4,000 ओहम भार हवा असेल आणि स्पीकर 8 ओहमचा असेल, तर दोन्ही बाजूंच्या वेढ्यांचे गुणोत्तर सुमारे 22 ठेवावे लागते. गावातल्या विजेच्या रोहित्राचे तत्त्वही हेच आहे. फरक इतकाच की रोहित्राला 50 हर्ट्झची एकच वारंवारता सांभाळायची असते, तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरला मंद्र तारेपासून तीव्र स्वरांपर्यंतचा सारा पल्ला.

स्पीकर आणि पेटी

आवाजावर सर्वाधिक प्रभाव टाकणारा एकच घटक निवडायचा झाला, तर तो स्पीकर होय. गिटारचा स्पीकर हा 'आले तसे ऐकवणारा' स्पीकर नसतो. 12 इंची गिटार स्पीकरचा प्रतिसाद सर्वसाधारणपणे 2,000 ते 4,000 हर्ट्झच्या पट्ट्यात उंचावतो आणि 5,000 हर्ट्झच्या पुढे वेगाने कोसळतो. खालच्या बाजूला 75 ते 100 हर्ट्झच्या आसपास त्याचा नैसर्गिक अनुनाद असतो. गिटारची सर्वांत जाड तार मोकळी वाजवली असता 82.4 हर्ट्झचा स्वर देते, म्हणजे वाद्याचा सर्वांत खालचा स्वर नेमका या अनुनादाच्या परिसरात पडतो.

वरच्या बाजूचे हे कोसळणे दोष वाटेल, पण विरूपित गिटारचा आवाज सुसह्य होतो तो त्यामुळेच. ॲम्प्लिफायर ताणून वाजवला की मूळ स्वराच्या अनेक पटींच्या वारंवारता निर्माण होतात. त्या गाळल्या गेल्या नाहीत तर आवाज पत्र्यावर खडे पडल्यासारखा येतो. तोच ॲम्प्लिफायर, तेच व्हॉल्व्ह आणि तीच बटणांची स्थिती ठेवून गिटार स्पीकरऐवजी संगीत ऐकण्याचा पूर्ण पल्ल्याचा स्पीकर जोडला, तर हे लगेच अनुभवास येते.

महाराष्ट्रातील वाचकाला याचा आणखी ओळखीचा पुरावा देता येईल. एकेकाळी गावोगावच्या लग्नांत, जत्रांत आणि सभांत व्हॉल्व्हचे ॲम्प्लिफायर वापरले जात आणि त्यांना पत्र्याचे कर्णे जोडलेले असत. त्या आवाजाला कोणी 'उबदार' म्हटल्याचे ऐकिवात नाही. कर्णा काही शे हर्ट्झच्या खालचे फारसे काही ऐकवीत नाही आणि मधल्या पट्ट्यात तो आवाज लांबवर फेकतो. शब्द दूरवर पोहोचावेत यासाठीच त्याची घडण असते. व्हॉल्व्ह दोन्हीकडे होते. आवाज वेगळा होता तो मुख्यतः शेवटच्या टोकाला काय जोडले होते म्हणून.

पेटीची घडणही महत्त्वाची आहे. मागून उघड्या पेटीत शंकूच्या मागचा आवाज पुढे वळून येतो आणि खालच्या वारंवारता काही अंशी रद्द करतो, मात्र खोलीभर पसरतो. बंद पेटीत खालचा भाग घट्ट व भरीव वाटतो. स्पीकरसमोर नेमके कुठे उभे आहोत यानेही फरक पडतो. 3,000 हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी हवेत सुमारे 11 सेंटिमीटर असते, तर 12 इंची शंकू 30 सेंटिमीटरचा. त्यामुळे तीव्र स्वर बॅटरीच्या झोताप्रमाणे सरळ पुढे जातात. ॲम्प्लिफायर पायाशी ठेवून वाजवणाऱ्याला स्वतःचा आवाज बोथट वाटतो, तो ट्रेबल वाढवतो, आणि समोर बसलेल्या श्रोत्याच्या कानात ते टोचते. ध्वनिमुद्रणात मायक्रोफोन शंकूच्या मध्यावरून काठाकडे काही सेंटिमीटर सरकवला तरी जो बदल होतो, तो कित्येकदा व्हॉल्व्हचा अख्खा संच बदलून होणाऱ्या फरकापेक्षा मोठा असतो.

1964 मध्ये द किंक्स या इंग्लिश वाद्यवृंदाचे गिटारवादक डेव्ह डेव्हिस यांनी आपल्या लहानशा एल्पिको ॲम्प्लिफायरच्या स्पीकरचा शंकू ब्लेडने चिरला. 'यू रिअली गॉट मी' या गाण्यातला करकरीत आवाज त्यातून निघाला.

मंडलातील मूल्ये

स्पीकरनंतर क्रम लागतो मंडलाचा, म्हणजे कोणत्या जागी किती ओहमचा रोधक आणि किती मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आहे याचा. पहिल्या व्हॉल्व्हच्या ऋणाग्राशी जोडलेला कपॅसिटर हे याचे सोपे उदाहरण आहे. अनेक फेंडर ॲम्प्लिफायरांत तेथे 1,500 ओहमच्या रोधकाला समांतर 25 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असतो. या जोडीची सीमा सुमारे 4 हर्ट्झला येते, म्हणजे गिटारच्या सगळ्या स्वरांना सारखेच प्रवर्धन मिळते. मार्शलच्या पुढील काळातील ॲम्प्लिफायरांत तेथे 2,700 ओहम आणि 0.68 मायक्रोफॅरड ही मूल्ये आढळतात. आता प्रवर्धन सुमारे 87 हर्ट्झपासून पुढे हळूहळू चढत जाते. मंद्र स्वर मागे राहतात आणि वरचे पुढे येतात. विरूपणाच्या आधीच बास कमी झाल्याने विरूपित आवाज चिखल न होता धारदार राहतो. हा सगळा फरक अत्यंत स्वस्त अशा दोन भागांच्या आकड्यांमुळे पडतो.

स्वरनियंत्रण मंडलाबाबत एक गैरसमज रूढ आहे. बास, मिडल, ट्रेबल ही तिन्ही बटणे मध्यावर ठेवली म्हणजे आवाज 'सपाट' झाला, असे समजले जाते. फेंडर किंवा मार्शल पद्धतीच्या मंडलात तसे होत नाही. बटणे मध्यावर असतानाही मधल्या वारंवारतांत ठळक खळगा राहतो. त्याची जागा आणि खोली मंडलागणिक बदलते, आणि दोन कंपन्यांच्या आवाजात जाणवणाऱ्या भेदाचा बराच भाग या खळग्यातच दडलेला असतो.

निगेटिव्ह फीडबॅक, म्हणजे आउटपुटचा थोडा अंश उलट करून मागे देणे, ही या मंडलातील दुसरी कळीची बाब आहे. त्याने विरूपण घटते आणि ॲम्प्लिफायर स्पीकरच्या हालचालीवर अधिक ताबा ठेवतो. स्पीकरचा '8 ओहम' हा आकडा नाममात्र असतो. अनुनादाच्या वारंवारतेला तो कित्येक पट वाढतो आणि तीव्र स्वरांकडेही चढत जातो. फीडबॅक नसलेला व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर नेमक्या याच दोन ठिकाणी अधिक दाब देतो, त्यामुळे बास फुगतो आणि वरचा भाग चमकतो. आधुनिक ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायर सहसा असे करीत नाही. 'व्हॉल्व्हचा जिवंतपणा' म्हणून ज्याचे वर्णन होते, त्यातील मोजता येण्याजोगा मोठा भाग हाच आहे. इंग्लंडच्या व्हॉक्स कंपनीच्या एसी30 या प्रसिद्ध ॲम्प्लिफायरमध्ये चार ईएल84 व्हॉल्व्ह असून असा फीडबॅक मुळीच नाही.

एक मंडल, दोन आवाज

या विषयात निसर्गतः घडून आलेला एक प्रयोग उपलब्ध आहे. अमेरिकेत लिओ फेंडर यांच्या कंपनीने 1950च्या दशकाच्या अखेरीस बासमन या ॲम्प्लिफायरची 5एफ6-ए ही आवृत्ती काढली. लंडनच्या हॅनवेल भागात वाद्यांचे दुकान चालवणारे जिम मार्शल आणि त्यांचे सहकारी यांनी 1962 मध्ये जेटीएम45 तयार केला, तो बासमनच्या मंडलाची जवळजवळ नक्कल करून. तरीही दोहोंचे आवाज वेगळे मानले जातात, आणि हा फरक 'ब्रिटिश व्हॉल्व्ह'चा असे सांगण्याचा मोह अनेकांना होतो.

काय काय बदलले होते ते पाहिले, तर हे उत्तर टिकत नाही. बासमनमध्ये जेन्सन कंपनीचे 10 इंची चार स्पीकर मागून उघड्या पेटीत होते. मार्शलने सेलेस्टिऑन कंपनीचे 12 इंची चार स्पीकर बंद पेटीत बसवले. बासमनच्या पहिल्या टप्प्यात 12एवाय7 होता, ज्याचा प्रवर्धनांक सुमारे 44 आहे. मार्शलने तेथे 100 प्रवर्धनांकाचा ईसीसी83 वापरला. सुरुवातीच्या अनेक मार्शलांत फीडबॅकचा रोधक तोच, 27,000 ओहमचा ठेवला होता, पण तो ट्रान्सफॉर्मरच्या 2 ओहमऐवजी 16 ओहमच्या टोकाला जोडलेला होता. तेवढ्याच शक्तीला 16 ओहमच्या टोकावरील दाब 2 ओहमच्या सुमारे 2.8 पट असतो, म्हणजे नक्कल करतानाही फीडबॅकचे प्रमाण नकळत बदलले. ट्रान्सफॉर्मर वेगळे होते ते निराळेच. इतके बदल एकदम झाले असताना आवाजाचे श्रेय शक्तिव्हॉल्व्हच्या कारखान्याला देता येत नाही.

विरूपण

गिटारवादक ज्याला डिस्टॉर्शन म्हणतात ते विरूपण इतर ध्वनिउपकरणांत दोष असते. येथे ते वाद्याचाच भाग आहे. तंबोऱ्याच्या घोडीवर जवारी लावली की स्वर तोच राहतो, पण त्याच्या पोटातले स्वयंभू स्वर उमलून येतात. मिरजेचे कारागीर त्यासाठी घोडी घासतात आणि तारेखाली सुताचा धागा सरकवतात. ॲम्प्लिफायरमध्ये तरंगाचे शेंडे दाबले वा कापले गेले की तत्त्वतः असेच घडते: मूळ वारंवारतेच्या दुप्पट, तिप्पट, चौपट वारंवारता आवाजात मिसळतात. मात्र तंबोऱ्याची जवारी एकेका तारेवर स्वतंत्रपणे काम करते, तर ॲम्प्लिफायरमध्ये सगळ्या तारा एकत्र दळल्या जातात. दोन स्वर एकदम वाजवले की त्यांच्या बेरजेच्या आणि वजाबाकीच्या वारंवारताही उमटतात. म्हणून विरूपित आवाजात षड्ज-पंचम गोड लागतो आणि भरगच्च कॉर्ड गढूळ होते.

'व्हॉल्व्ह सम हार्मोनिक देतात, ट्रान्झिस्टर विषम देतात, म्हणून व्हॉल्व्ह गोड' हे वाक्य पुष्कळ ठिकाणी आढळते. 1973 मध्ये रसेल हॅम यांनी व्हॉल्व्ह आणि ट्रान्झिस्टर यांच्या ऐकू येणाऱ्या फरकावर एक शोधलेख प्रसिद्ध केला आणि तो याच्या आधारासाठी वारंवार पुढे केला जातो. पण तो लेख मायक्रोफोनच्या प्रवर्धकांविषयी, तेही त्यांच्या मर्यादेपलीकडे ताणलेल्या अवस्थेविषयी होता. मोठे गिटार ॲम्प्लिफायर सहसा पुश-पुल रचनेचे असतात. त्यांत व्हॉल्व्हच्या दोन बाजू आळीपाळीने काम करतात आणि त्या टप्प्यात उत्पन्न झालेले सम हार्मोनिक ट्रान्सफॉर्मरमध्ये परस्परांना बहुतांशी रद्द करतात. म्हणजे ज्या आवाजाला जग 'अस्सल व्हॉल्व्ह' म्हणते, त्यात विषम हार्मोनिक विपुल असतात.

विरूपण कोणत्या टप्प्यात होते यानेही स्वभाव बदलतो. सुरुवातीच्या लहान व्हॉल्व्हमध्ये झालेले विरूपण पुढच्या स्वरनियंत्रणाने घडवता येते. शक्तिव्हॉल्व्हमध्ये झालेले थेट स्पीकरवर जाते. अति ताणल्यास आणखी एक घटना घडते. जाळी ऋणाग्रापेक्षा धन झाली की तिच्यातून विद्युतधारा वाहू लागते, आधीचा कपॅसिटर भारित होतो आणि पुढचा काही काळ व्हॉल्व्ह जवळजवळ बंद पडतो. स्वर फुसफुसत तुटतो, आणि वादकाला वाटते की व्हॉल्व्ह खराब आहे.

वीजपुरवठा

भारतात वीज 230 व्होल्ट, 50 हर्ट्झची असते, मग ॲम्प्लिफायर मुंबईच्या स्टुडिओत असो की जालना जिल्ह्यातील हसनाबादच्या एखाद्या घरात. अमेरिकेतला पुरवठा 120 व्होल्ट, 60 हर्ट्झचा आहे. तेथून आणलेला ॲम्प्लिफायर येथे थेट लावल्यास जळतो. दाब उतरवणारा ट्रान्सफॉर्मर मध्ये घातला तरी वारंवारता 50च राहते, आणि केवळ 60 हर्ट्झसाठी काटकसरीने बनवलेला आतला ट्रान्सफॉर्मर अधिक तापतो. गुरगुरही वेगळ्या स्वराची येते. एकदिशीकरणानंतर उरणारी लहर पुरवठ्याच्या दुप्पट वारंवारतेची, म्हणजे येथे 100 हर्ट्झची असते. ती पाश्चात्त्य स्वरमालेत जी आणि जी शार्प यांच्या मधोमध पडते.

ग्रामीण भागात संध्याकाळी दाब उतरण्याचा अनुभव नवा नाही. 230 ऐवजी 200 व्होल्ट मिळाले, तर आतील 450 व्होल्टचा पुरवठा सुमारे 390 वर येतो आणि तापतंतूचे 6.3 व्होल्ट सुमारे 5.5 होतात. कमाल शक्ती जेमतेम तीन चतुर्थांश उरते. हे घटणे सव्वा डेसिबलच्या आसपासचे, म्हणजे कानाला जेमतेम कळणारे असते. पण विरूपण लवकर सुरू होते आणि बास सैल पडतो. अमेरिकी गिटारवादक एडी व्हॅन हेलेन दाब मुद्दाम कमी करण्यासाठी व्हेरिॲक वापरीत. आपल्याकडील महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत तेच उपकरण डिमरस्टॅट म्हणून परिचित आहे. तापतंतू सतत कमी तापवणे व्हॉल्व्हच्या आयुष्याला हितकारक नसते, हे मात्र त्याचे अनुकरण करताना विसरले जाते.

जोराने तार छेडताच आतला दाब क्षणभर खाली जाऊन सावकाश वर येणे, यालाही वादक महत्त्व देतात. व्हॉल्व्ह रेक्टिफायर, विशेषतः 5वाय3 सारखा अधिक रोधाचा, असलेल्या ॲम्प्लिफायरांत ते जाणवते. हा परिणाम खरा आहे, पण ॲम्प्लिफायर कमाल शक्तीच्या जवळ वाजत असेल तेव्हाच. घरात हळू वाजवताना तो जवळपास शून्य असतो.

ज्यांचा प्रभाव अल्प असतो

मूल्य तेच ठेवून कपॅसिटरचा पदार्थ बदलला, पॉलिएस्टरऐवजी तेलातील कागद वापरला, तर सुस्थितीतील दोन कपॅसिटरांत ऐकू येण्याजोगा फरक सहसा सापडत नाही. जुना कपॅसिटर गळू लागला असेल तर गोष्ट वेगळी: उच्च दाबाचा अंश पुढच्या जाळीवर जातो, व्हॉल्व्हचा कार्यबिंदू सरकतो आणि आवाज खरोखर बदलतो. तो बदल बिघाडाचा असतो. कार्बन कॉम्पोझिशन रोधकांची ख्यातीही अशीच. त्यांची निश्चित देणगी म्हणजे अधिक सरसर.

व्हॉल्व्हच्या बाबतीत प्रकार आणि मेक यांत भेद केला पाहिजे. 12एएक्स7 काढून त्याच बैठकीत 12एयू7 बसवला, तर प्रवर्धनांक 100 वरून 20 च्या घरात येतो, आणि हे कोणालाही ऐकू येते. पण दोन कारखान्यांच्या सुस्थितीतील 12एएक्स7 मधला फरक बहुधा थोड्या कमी-अधिक प्रवर्धनाचा आणि सरसरीचा असतो. शक्तिव्हॉल्व्ह बदलताना कार्यबिंदू, म्हणजे बायस, पुन्हा लावला नाही तर नव्या संचाचा म्हणून जो आवाज ऐकला जातो तो चुकीच्या बायसचा असतो. धारा फार कमी ठेवली तर दोन बाजूंच्या सांध्यावर खरखर येते; फार जास्त ठेवली तर धनाग्र लाल होऊन व्हॉल्व्ह निकामी होतो.

अशा बारीक फरकांची तुलना करताना कान सहज फसतो. एक डेसिबलने मोठा असलेला आवाज मोठा न वाटता 'अधिक चांगला' वाटतो. शिवाय फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 मध्ये दाखवून दिल्याप्रमाणे आवाजाची पातळी वाढली की मंद्र स्वर तुलनेने अधिक भरतात. तेव्हा पातळी समान केल्याशिवाय आणि कोणता भाग लावला आहे हे ऐकणाऱ्यापासून लपवल्याशिवाय केलेल्या तुलनेला फारसा अर्थ नाही. वॅटच्या आकड्यांचेही तसेच आहे: 50 वॅटऐवजी 100 वॅट घेतल्याने 3 डेसिबलच मिळतात, आणि आवाज दुप्पट वाटण्यास सुमारे 10 डेसिबल लागतात. 3 डेसिबल अधिक संवेदनशील असलेला स्पीकर तेवढेच काम कमी खर्चात करतो.

भारतातील स्थिती

बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्स लिमिटेडने 1961 मध्ये व्हॉल्व्हचे उत्पादन सुरू केले. ईसीसी83 आणि ईएल84 हे गिटार ॲम्प्लिफायरांत लागणारे प्रकारही तेथे बनत. मुळात ते रेडिओ आणि ध्वनिक्षेपण संचांसाठी होते. मुंबईच्या चित्रपटसंगीतात विद्युत गिटार तोवर रुळली होती. 'हरे रामा हरे कृष्णा' (1971) या चित्रपटातील 'दम मारो दम' या गाण्यात ती भूपिंदर सिंग यांनी वाजवली आहे. 1991 च्या आर्थिक उदारीकरणापूर्वी आयातीवरील निर्बंध आणि जबर जकात यांमुळे परदेशी ॲम्प्लिफायर मोजक्यांच्याच हाती पडत. इतरांना मिळेल त्या देशी ध्वनिक्षेपण संचात गिटार जोडावी लागे. भारत इलेक्ट्रॉनिक्सचे जुने व्हॉल्व्ह आता संग्राहकांत मोल मिळवून आहेत. दुर्मीळता हे त्याचे कारण समजण्यासारखे आहे. आवाजाचे कारण मात्र वर सांगितलेल्या कसोटीवर तपासावे लागेल.

हाताळणीतील धोका

स्पीकर बदलणे विद्यार्थ्यालाही शक्य आहे. त्यासाठी ॲम्प्लिफायरचे मंडल उघडावे लागत नाही. ओहम जुळणे, स्पीकरची क्षमता ॲम्प्लिफायरच्या शक्तीहून अधिक असणे आणि वीज काढलेली असणे पुरेसे असते. मंडलातील भाग बदलणे ही वेगळी गोष्ट आहे. आतील पुरवठा 400 ते 500 व्होल्टचा असतो आणि प्लग काढल्यानंतरही पुरवठ्यातील मोठे कपॅसिटर भारित राहू शकतात. त्यांचा धक्का प्राणघातक ठरू शकतो. जाणकार कारागीर ते योग्य रोधकातून रिते करून, मीटरने दाब मोजून खात्री केल्यावरच आत हात घालतात. स्पीकर न जोडता व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर ताणून वाजवल्यास आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये दाबाचे उंच शेंडे उठून त्याचे आवरण फुटू शकते. ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायर बिनस्पीकरचा चालू ठेवण्याची सवय असलेल्यांकडून ही चूक विशेष होते.